पाळ्यांचा क्रम उलटा लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाकण, वाळूज, अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या बहुधा आठवड्याला बदलतात. कोणानंतर कोणती, हे टाइम ऑफिस (हजेरी आणि पाळ्या पाहणारा विभाग) माणसांच्या उपलब्धतेनुसार ठरवते. पण हा क्रम कामगाराच्या तब्येतीचा प्रश्न आहे. शरीराचे घड्याळ सरासरी 24 तासांहून किंचित लांब चालते. त्यामुळे झोप पुढे ढकलणे सोपे, अलीकडे ओढणे अवघड. फर्स्ट (सकाळ), सेकंड (दुपार), मग नाइट हा क्रम त्यातल्या त्यात झेपतो. नाइटनंतर सेकंड आणि सेकंडनंतर फर्स्ट लावली, की माणूस साडेनऊला आडवा होतो, बारापर्यंत कूस बदलत राहतो आणि पहाटे पाचला उठून प्रेस मशिनवर उभा राहतो.

सरळ क्रमातही एक खाच आहे. 1948च्या कारखाने कायद्याने (कलम 57) रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासून सलग 24 तास अशी धरली. रविवारी सकाळी सातला सुटलेला कामगार सोमवारी सातला पुन्हा गेटवर हजर, तरी कागदावर सुट्टी झालीच! नाइटच्या आठवड्यानंतर किमान 48 तास मिळालेच पाहिजेत. तोवर कामगारांनी रविवारी सकाळी दीड-दोन तासच झोपावे, दुपार उजेडात काढावी आणि रात्री नऊलाच अंथरूण गाठावे. दुपारी तीनपर्यंत झोपले की रात्र हातची गेली.

रात्रपाळीत पहाटे तीन ते सहा ही वेळ सर्वांत धोक्याची. शरीराचे तापमान तेव्हा तळाला असते, हात मंदावतात. डाय (मशिनमधला साचा) बदलणे, उंचीवरचे काम त्याआधी उरकावे. दोनच्या सुमारास 20 मिनिटांची डुलकी जरूर द्यावी, पण उठल्यावर पंधरा मिनिटे मशिनला हात लावू देऊ नये. शेवटचा चहा तीनच्या आत. कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही अंगात असतो. पोटभर जेवण घरून निघण्यापूर्वीच व्हावे. तोच भात मध्यरात्री खाल्ला तर रक्तातली साखर जास्त चढते, म्हणून कँटीनने तेव्हा हलकेच वाढावे. मधुमेहींनी इन्सुलिनची वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलावी. परतताना बसमध्ये गॉगल लावावा, घरी जाड पडदे ओढावेत. डोळे जड असतील तर दुचाकीला हात लावू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007मध्ये आणि पुन्हा 2019मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आहे. निदान वार्षिक तपासणीच्या अर्जात झोपेचे तास, घोरणे आणि पाळ्यांचा क्रम, एवढ्या नोंदी तरी कंपन्यांनी सुरू कराव्यात.

– कारखान्यातील एक वैद्यकीय अधिकारी, पुणे