रंग परत आणून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचं नाव आमच्या वहीत नाही. ज्यांची तारीख ठरते त्यांचंच नाव आणि फोन आम्ही लिहून घेतो, आणि तुम्हाला हवी असलेली तारीख आमच्याकडे नव्हती. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. पुण्यात कर्वे रस्त्यापासून जरा आत असलेल्या मंगल कार्यालयात, तुळशीच्या लग्नाआधीच्या गर्दीत, नातीच्या लग्नाची चौकशी करायला आलेले, खिशात भिंग बाळगणारे, बँकेतून निवृत्त झालेले काका तुम्हीच असाल, तर हे आभार तुमचे आहेत.

त्या दिवशी आमच्यावर काय वेळ आली होती ते तुम्हाला पूर्ण सांगायला सवड मिळाली नाही. आमचं सगळं बुकिंग एका एक्सेलच्या तक्त्यावर चालतं. एका बाजूला तारखा, वर रकाने: खालचा हॉल, वरचा हॉल, सकाळ, संध्याकाळ. चौकटीत फक्त यजमानांचं आडनाव. बाकीचं रंग सांगायचे. लाल म्हणजे पूर्ण पैसे भरून पक्की झालेली तारीख. पिवळा म्हणजे ॲडव्हान्स आलाय, बाकी येणं आहे. निळा म्हणजे फोनवर तोंडी धरून ठेवलेली, मुदतीत कोणी आलं नाही तर सोडून द्यायची. सकाळी संगणक उघडला तर एकही रंग नाही. पांढऱ्या चौकटी आणि काळी आडनावं. पक्की कुठली, तोंडी कुठली, काही कळेना.

बाहेरच्या माणसाला वाटेल, रंगच तर गेले. पण मुहूर्ताची तारीख काय असते ते लग्नघरालाच ठाऊक. एकाच दिवसासाठी चार-चार घरं मागे असतात. तोंडी धरलेली समजून एखादी पक्की तारीख दुसऱ्याला दिली, तर एकाच सकाळी दोन वऱ्हाडं एका दारात उभी राहतात. दोन्हीकडच्या पत्रिका छापून वाटलेल्या, दोन्हीकडचे केटरर, गुरुजी आणि फुलवाले ठरलेले. त्या चुकीची भरपाई पैशाने होत नाही. त्यामुळे त्या सकाळी मी येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘थोड्या वेळाने कळवते’ एवढंच सांगत होते, आणि पलीकडचा आवाज चिडत चालल्याचं ऐकू येत होतं.

आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. चौकट निवडून रंगाच्या बादलीवर क्लिक केलं, लाल निवडला, तरी चौकट पांढरीच. संगणक दुरुस्त करणाऱ्यांनी फोनवर सांगितलं, एक्सेल काढून पुन्हा टाकावं लागेल, नाहीतर मशीन फॉरमॅट. कोणी म्हणालं, पावतीपुस्तकं काढा आणि पहिल्यापासून रंगवा. पण जो रंग भरला तरी दिसतच नाही, तो रंगवायचा कसा?

तुम्ही समोरच्या खुर्चीवर तुमची पाळी येण्याची वाट पाहत होतात. आमचं बोलणं ऐकून तुम्ही काही उपाय सुचवला नाहीत, आधी विचारलंत, ‘तक्त्याच्या वर गणपतीचं चित्र असेल ना, ते रंगीत दिसतंय का?’ दिसत होतं. म्हणजे पडदा किंवा केबल बिघडलेली नाही, आणि सगळंच करडं करणारा कलर फिल्टरही लागलेला नाही, असं तुम्ही लगेच सांगितलंत. मग हीच फाइल फोनवर उघडायला लावलीत. फोनवर लाल, पिवळा, निळा, सगळे जागच्या जागी. मग एक प्रिंट काढायला सांगितलीत. आमचा प्रिंटर काळा-पांढरा, तरी कागदावर करड्या छटा उमटल्या. ‘रंग फाइलमध्ये आहेत, फक्त या पडद्यावर येत नाहीत. फाइलला कोणी हात लावू नका,’ हे तुमचं वाक्य ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या क्षणी पुन्हा रंगवायला बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते. दिसत नसताना भरलेला प्रत्येक रंग खऱ्या नोंदीवर चढला असता.

चौथा प्रश्न तुम्ही विचारलात तो असा: ‘काल-परवा पडदा एकदम काळा झाला होता का?’ झाला होता! आदल्या रात्री काम करणाऱ्या मुलाने सेटिंगमध्ये जाऊन पांढरी थीम निवडली होती आणि पडदा नीट झाला असंच सगळ्यांना वाटलं होतं. ती पांढरी थीमसुद्धा ‘हाय कॉन्ट्रास्ट’च्याच, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये असलेल्या ठळक रंगांच्या सोयीच्याच, यादीतली होती. कळा पुसताना किंवा काही उचलताना डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबले गेले, आणि समोर आलेल्या प्रश्नाला कोणी ‘हो’ म्हटलं, की ही सोय सुरू होते. मग विंडोज अक्षरं, पार्श्वभूमी, निवडलेला मजकूर अशा गोष्टींना आपले मोजकेच ठळक रंग देतं आणि एक्सेल चौकटींत भरलेले रंग दाखवायचं थांबवतं. तुम्ही त्याच तीन कळा पुन्हा दाबायला सांगितल्यात आणि तक्ता भरून आला. कोणाच्या हातून झालं ते शोधू नका, असंही तुम्ही बजावलंत. रात्रीच्या त्या मुलाच्या वतीने त्याबद्दल वेगळे आभार.

रंग आले आणि सगळ्यात आधी तुमचीच तारीख पाहिली. ती लाल होती. मला ते सांगायला जड गेलं. तुम्ही मात्र ‘आता खरं कळलं, दुसरीकडे बघायला मोकळा झालो’ म्हणून पिशवी उचललीत.

पण निघण्याआधी तुम्ही जे बोललात, त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. तुम्हाला ही खूण इतक्या पटकन पटली, कारण तुमच्या घरचा संगणक कायम याच अवस्थेत असतो. काचबिंदूने नजर उणावली, पांढरा पडदा डोळ्यांना सोसेना, तेव्हापासून काळ्यावर ठळक अक्षरं हाच तुमचा पडदा. नोकरीची शेवटची वर्षं तुम्ही त्यावरच काढलीत. विंडोज 95 पासून ही सोय संगणकात आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग तुम्ही म्हणालात, ‘तुमचा तक्ता मला एरवीही असाच दिसला असता.’ तक्रारीचा सूर नव्हता. पण आमच्या कार्यालयात कमी दिसणारं कोणी कामाला आलं असतं, तर त्यांची रोजची सकाळ आमच्या त्या एका सकाळीसारखीच गेली असती, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

तुम्ही सांगितलंत तसं आम्ही केलं आहे. प्रत्येक आडनावाशेजारी आता ‘स्थिती’चा रकाना आहे. त्यात पक्की, ॲडव्हान्स, तोंडी या तीनच शब्दांची यादी उघडते, दुसरं काही टाइप करता येत नाही. शब्द निवडला की कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग आपोआप भरतो. रंग गेला तरी शब्द राहतो. आणि एक फायदा तुम्ही सांगितला नव्हतात, तो कामात कळला: चौकटींचे रंग मोजणारं तयार सूत्र एक्सेलमध्ये नाही, शब्द मात्र काउंटइफने मोजता येतात. किती घरांकडून बाकी येणं आहे, हा आकडा आता बोटाने मोजावा लागत नाही.

वेबसाइट कशा असाव्यात याचे जे आंतरराष्ट्रीय निकष 2008 मध्ये आले, त्यांतही माहिती केवळ रंगाच्या भरवशावर देऊ नये असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार धरले आहेत, त्यांत पूर्ण अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही आहे. हे मी तुम्ही गेल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तरी इतकं भिडलं नसतं, कारण तेव्हा डोळ्यांसमोर माणूस नसता.

हे पत्र वाचणाऱ्या इतर कार्यालयांतल्या मंडळींसाठी काकांच्या शिकवणीतलं थोडं इथेच लिहिते. विंडोज 10 मध्ये ही सोय सेटिंग्जमधल्या ‘ईझ ऑफ ॲक्सेस’खाली ‘हाय कॉन्ट्रास्ट’ या नावाने सापडते, विंडोज 11 मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’ म्हणून. पडद्यावर रंग आहेत पण रंगीत प्रिंटरवरही येत नाहीत, तर पेज सेटअपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर खूण आहे का ते बघा. आणि फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह करून बंद केली असेल, तर त्या फाइलमधले रंग खरोखरच गेलेले असतात. त्यात फक्त मजकूर राहतो, मूळ फाइल शोधावी लागते. काहीही पुसण्याआधी तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. निम्मी भीती तिथेच जाते.

काका, नातीचं लग्न ठरलं असेलच. चांगलं कार्यालय मिळालं असू दे. मुंज, डोहाळजेवण, घरातलं पुढचं कुठलंही कार्य निघालं, तर आधी आमच्याकडे विचारा. तारीख मोकळी असेल तर ती तुमच्यासाठी धरून ठेवणं मी माझ्याकडे घेते.

आणि एक काम आहे. दरवाज्याजवळची दरांची पाटी नव्याने रंगवायची आहे. सध्या फिकट गुलाबीवर पिवळी अक्षरं आहेत, आणि लोक ती वाचायला अगदी जवळ जातात हे आता माझ्या लक्षात येऊ लागलं आहे. पेंटरला मी थांबवून ठेवलं आहे. गडद निळ्यावर पांढरी करावी की काळ्यावर पिवळी, आणि अक्षरं किती मोठी, हे तुमच्याकडून ठरवून घ्यायचं आहे. सकाळी दहानंतर बुकिंगच्या टेबलावर मीच असते.

आपली नम्र,
बुकिंगचं टेबल सांभाळणारी