चिंचेची मुळं

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल दुपारी काही काम नसताना विद्यापीठात जाऊन आले. ज्या वाटेने धावतपळत दहा मिनिटांत वर्ग गाठायचे, तिच्यावर काल दीड तास रेंगाळले.

‘कॅम्पस’ म्हणजे लॅटिनमध्ये मोकळं मैदान. प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने १७७४ साली लिहिलेल्या पत्रात कॉलेजच्या आवारासाठी हा शब्द आढळतो. आमच्या मैदानाला आता अर्ध्यावर पत्रे ठोकलेत. आत नव्या इमारतीचं खोदकाम चालू आहे.

सगळंच बदललेलं वाईट नाही हं. ग्रंथालयातले कार्डांचे लाकडी खण गेले, तिथे टेबलं आणि चार्जिंगची सोय आली. आमच्या वेळी दुपारी तिथे शुकशुकाट असायचा. काल बसायला खुर्ची नव्हती. मला फार बरं वाटलं. आणि हिरवळीवरून तिरपी जाणारी आमची पायवाट आठवते? तुला लहानपणी दाखवली होती. आखलेला रस्ता काटकोनात वळायचा, आम्ही सगळे मधूनच जायचो, गवत झिजून माती उघडी पडली होती. आता नेमकं तिथेच पेव्हर ब्लॉक बसवलेत. ज्याने ते ठरवलं त्याने आधी मुलांचे पाय कुठे पडतात ते पाहिलं असणार.

पण चिंचेपाशी थांबले आणि पाय निघेना. झाड तोडलेलं नाही, उलट ‘वाचवलं’ आहे. बुंध्याभोवती हातभर रुंदीचा कट्टा बांधलाय, आणि त्याला लागूनच खडी-वाळूचे ढीग. तिथूनच डंपर ये-जा करतात.

तू वास्तुरचना शिकते आहेस म्हणून हे लिहिते. झाडाची बहुतेक मुळं खोल जात नाहीत, वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. वरून जड वाहनं गेली की माती दबते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, मुळांना श्वास घेता येत नाही. झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडे वाळायला लागतात, तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो आणि लोक म्हणतात, जुनं झालं होतं. निदान फांद्यांच्या घेराइतकं कुंपण काम सुरू व्हायच्या आधी घालायला हवं होतं. नकाशावर झाड म्हणजे एक छोटं वर्तुळ काढता ना तुम्ही? ते वर्तुळ बुंध्याचं काढू नकोस, मुळांचं काढ.

तिथल्या मुकादमाला ढीग हलवायची विनंती केली. त्याने ऐकून घेतलं, पण ठरवणारा तो नाही. विद्यापीठाच्या अभियंत्यांना पत्र लिहायला घेतलंय. त्यात घेर मोजून लिहायचा आहे. रविवारी येशील तेव्हा तुझी मोठी टेप घेऊन ये. एक टोक मी धरेन.

तुझी,
आई