गाळा सोडतेय, बाबा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा क्रिकेटवर जातात आणि आई, तू फोन त्यांच्याच हातात देऊन मोकळी होतेस. म्हणून लिहितेय. सिनेमा-मालिकांसाठी तुम्ही लंका-अयोध्येची छोटी मॉडेलं बनवायचात तो आपला गाळा महिनाअखेरीस सोडतोय. मालकांशी बोलणं झालं, कागदावर सहीही झाली. बाबा, हे विचारत नाहीये, सांगतेय. रागवा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

कारणं तुम्हाला माहीत आहेत, तरी लिहिते. माळ्यावरची मॉडेलं झटकण्यापलीकडे तिथे बरेच दिवसांत काही झालेलं नाही. येतं ते काम माझ्या कॉम्प्युटरवर येतं, त्याला ना पीओपी लागतं ना थिनर. पत्रा गळतो, अर्ध्या अयोध्येला बुरशी लागलीय, वायरिंगला हात लावायची भीती वाटते. हे सगळं खरं आहे. पण ही कारणं नसती तरी मी सोडलाच असता. गाळा आहे तोवर तुम्ही तो जिना चढणार, आणि डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलेलं कानावरच पडलं नाही असं वागणार. रेझिन, थिनर, वर आगीच्या शॉटचा धूर. पंखा लावला की धूर हलतो, म्हणून पंखाही बंद. इतकी वर्षं ते सगळं छातीत गेलंय, बाबा. आता बास.

लंका भंगारात जात नाहीये, हे आधी सांगायला हवं होतं. एका कला महाविद्यालयाने मागून घेतलीय. मुलं बघायला आली तेव्हा मी मुद्दाम मागची बाजू दाखवली. पुढून सोन्याचे मनोरे, मागून बांबूच्या कामट्या आणि रद्दीचा लगदा. कॅमेरा जिथे जाणार नाही तिथे तुम्ही ब्रशसुद्धा फिरवला नव्हता. खांबांना रिकाम्या रिफिली, सज्जाच्या कठड्याला माझ्या बाहुलीचा कंगवा. (तो मला न विचारता घेतला होता, हे मी अजून विसरलेले नाही.)

एका मुलाने विचारलं, एवढीशी लंका कोसळताना खरी कशी दिसायची? मग मी तुमचा हिशोब फळ्यावर मांडला. मॉडेल एकास सोळा, म्हणजे खऱ्याच्या सोळावा भाग. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम. ते नेहमीच्या वेगाने दाखवलं की वीतभर उंचीवरून पडलेला तुकडासुद्धा पडद्यावर जडशीळ कोसळतो. पण एवढ्या वेगात प्रत्येक फ्रेमला उजेड थोडा मिळतो, त्यात पुढचं-मागचं सगळं फोकसमध्ये हवं म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करायचं, म्हणजे आणखी दिवे. रंगाला फोड यायचे त्या दिव्यांनी. आणि पाण्यापुढे कुणाचंच चालत नाही, कारण थेंब काही केल्या लहान होत नाही. समुद्राचा सीन आला की तुम्ही घरात कुणाशी बोलायचा नाहीत, हे मात्र मी मुलांना सांगितलं नाही. आई, तुझ्या पताकांचं सांगितलं. जाड कापड फडकलं की मॉडेलचं बिंग फुटतं, म्हणून तू तुझी विरलेली रेशमी साडी कापलीस ते.

'रामायण' 1987 साली टीव्हीवर आलं, पुढच्या वर्षी 'महाभारत', आणि मग जो उठेल तो पौराणिक काढायला लागला. तेव्हा आपल्या दारात रांग असायची. घरात माणसांपेक्षा राक्षस जास्त झालेत, असं आई म्हणायची. पुढे कॉम्प्युटर आले, रांग ओसरली.

बाकीची मुलं राजा-राणीच्या गोष्टी ऐकून झोपायची. मला तुम्ही फाळके सांगायचात. 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेऊन टिपणारे, 1915 मध्ये आगकाड्या नाचवणारे. मग ट्रिकसीनवाले बाबूभाई मिस्त्री. 1937 च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणसासाठी त्यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या आणि लोक त्यांनाच 'काला धागा' म्हणायला लागले. आपल्याकडे काळा दोरा दृष्टीसाठी कधी आणलाच नाही, तो पेले हलवायला. 'संत तुकाराम'मधलं विमान लागलं की तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात, जवळून दिसावं म्हणून. मला तेव्हा तारच शोधायची असायची.

तुम्ही आता 'इंटरस्टेलर' काढणार, मला माहीत आहे. 2014 सालीसुद्धा त्या हॉलिवूडवाल्यांनी अवकाशयानाचं एकास पंधराचं मॉडेल बनवलं आणि ते साडेसात मीटरहून मोठं होतं. 'बघ, अजून करतात.' करतात, बाबा. पण मास्क लावून करतात. आणि तुमचं ते वर्गमूळ मी रोज वापरते. कॉम्प्युटरमध्ये भिंत पाडायची असली तरी वजन आणि वेळ यांचं तुमचंच गणित डोक्यात असतं. काम बंद पडलं असं समजू नका.

तुमचं टेबल गॅलरीत येतंय. पाय थोडे कापून घेतलेत, म्हणजे खुर्चीत बसून हात पोचेल. खुर्ची हातांची आहे, उठताना आधार मिळेल. वाकणाऱ्या मानेचा दिवा जुनाच, बल्ब नवा. सकाळी ऊन डावीकडून येतं, तुम्हाला हवं तसं. पुठ्ठा, कागद, पांढरा गोंद, एवढंच चालेल. थिनरची बाटली आढळली तर मी फेकून देईन, लपवायच्या जागा मला पाठ आहेत. नेब्युलायझर दोन्ही वेळा, 'आज बरं वाटतंय' हे कारण नाही. स्टुलावर चढायचं नाही. आई, तूसुद्धा गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवू नकोस, तो पायात घालायचा असतो. आणि यावरून त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, सगळं माझ्या नावावर खपव.

मॉडेलांचे फोटो दादाच्या फोनवर टाकलेत. काय ठेवायचं ते रविवारपर्यंत कळवा, पुष्पक सोडून. ते माझ्या खोलीत टांगलंय.

तुमची,
चिमी

ता. क. मापं घ्यायचा पितळी कॅलिपर शोधत बसू नका. माझ्याकडे आहे आणि परत मिळणार नाही.