हजेरीपटावरचं नाव

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत 'लोलिता'वरचा (सावत्र बापाने बारा वर्षांच्या मुलीवर केलेल्या अत्याचाराची ती कादंबरी) लेख वाचला आणि त्यावर आलेली पत्रंही वाचली. निम्म्या लोकांचं म्हणणं असली घाण हवीच कशाला, उरलेल्यांचं म्हणणं कलेचा आणि नीतीचा संबंधच काय, म्हणजे फडके-खांडेकरांचा जुना वाद परत पहिल्यापासून. मला दोन्ही पटलं नाही म्हणून लिहितेय.

मी पुण्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं सातवीला मराठी शिकवलं. सहकारनगरात आमचा आठ-दहा जणींचा वाचनाचा ग्रुप आहे, तिथे दोन महिने आम्ही ही कादंबरी वाचत होतो. दोघींनी मधेच सोडली, त्यांना कुणी काही बोललं नाही कारण पोटात ढवळतंच.

नाबोकोव्हची ही कादंबरी १९५५ साली पॅरिसला छापली गेली, अमेरिकेत यायला १९५८ उजाडलं. सगळं सांगतो तो सावत्र बाप, हम्बर्ट, जेलमध्ये बसून, आणि अधूनमधून ज्युरीला हाक मारतो, म्हणजे हा आरोपीचा जबाब आहे हे सुरुवातीपासून समोर असतं. तरीपण भाषा इतकी देखणी की आपण माना डोलवायला लागतो. आमच्यातली एक म्हणाली, अगं मला चक्क त्याची दया यायला लागली आणि मग माझीच मला लाज वाटली. मला वाटतं ह्या पुस्तकातली नीती त्या लाजेतच आहे, लेखकाने शेवटी शिक्षा दिली की नाही ह्यात नाही.

खांडेकरांच्या 'ययाति'शी (१९५९) ताडून बघा. तिथेही ययाति स्वतःच बोलतो, पण देवयानी आणि शर्मिष्ठा पण आपापल्या तोंडाने बोलतात त्यामुळे एकाने झाकलेलं दुसरी उघडं करते. इथे तसं कुणीच नाही. बारा वर्षांच्या त्या मुलीला एक पानही स्वतःचं मिळत नाही, तिचं जे काही कळतं ते त्याच्याच बोलण्याच्या फटीतून शोधावं लागतं, आणि तो सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही हे लक्षात ठेवून. कॉमिक्स वाचते, च्युइंगगम खाते म्हणून तो तिला उथळ म्हणतो. अहो, सातवीतली मुलगी आहे ती! माझ्या वर्गातल्या मुलीही हेच करायच्या. आणि मग कुठेतरी ओझरतं, जाता जाता येतं की ती रोज रात्री रडायची, तो झोपलाय असं तिला वाटलं की. रोज. हे तोच लिहितो आणि पुढे जातो. आई गेल्यावर तिला जायला दुसरं घरच नव्हतं, हेही तोच सांगतो. एकदा त्याला तिच्या पुस्तकात लपवलेल्या एक डॉलरच्या आठ नोटा सापडतात. असे पैसे तो काढून घ्यायचा कारण पुरेसे साठले तर ती पळून जाईल ही भीती. त्या आठ नोटांपाशी आम्ही त्या शनिवारी वाचन थांबवलं, कुणाला पुढे वाचवेना.

शेवटी त्याला पश्चात्ताप होतो असं तुमच्या लेखकाने लिहिलंय. होत असेलही, पण तो पश्चात्तापही त्याने इतका सुंदर सजवलाय की मला काही तो पूर्ण खरा वाटला नाही. ग्रुपमध्ये ह्यावर एकमत झालं नाही, अजून भांडतोय.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या अख्ख्या लेखात त्या मुलीचं नाव कुठेच नाही. लोलिता हे त्याने ठेवलेलं नाव, त्याच्या मिठीतलं. पुस्तकात तिच्या वर्गाची यादी आहे, आमच्या हजेरीपटासारखी, आडनाव आधी आणि मग नाव, आणि तो ती यादीही कवितेसारखी मिरवतो. त्यात ती इतर मुलामुलींच्या मधे साधी उभी आहे: हेझ, डोलोरेस. पुढच्या वेळी ह्या पुस्तकावर काही छापलंत तर तिला त्या नावाने लिहा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे