दहावा माणूस

अश्दोद, इस्रायल

प्रिय आई-बाबा,

शालोम आणि नमस्कार.

बाबा, "बार मिट्झवा झाल्यापासून पोरगं सुधारलं का?" असं तुम्ही विचारलंत आणि फोन कटला. म्हणून तुमच्या नातवाच्या या तेराव्या वर्षीच्या सोहळ्याबद्दल सविस्तर लिहिते.

हॉल, डीजे, पाहुणे, यातलं काही त्याच्या अंगी लागलं नाही. फोटोत मुरुमं दिसतात म्हणून आठवडाभर तोंड पाडून होता. ऐन आवाज फुटायच्या वयात मुलाला सगळ्यांसमोर गायला उभं करतात, मला तर नवलच वाटतं.

वाचनासाठी मात्र सहा महिने घोकत होता. तोराच्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत ना स्वरचिन्हं, ना सुरांच्या खुणा. सगळं पाठ हवं. एका शब्दाला चुकला, तसं प्रार्थना चालवणाऱ्या हझाननं भर मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, मोठ्यानं दुरुस्त केलं. रीतच आहे ती, पण माझ्या पोटात गोळा आला. त्यानं मान वर न करता ओळ पुन्हा वाचली. मग त्याच्यावर चॉकलेटांचा मारा! घरी आल्यावर म्हणाला, "चुकलो, तरी खाली नाही बसवलं मला."

खरी गंमत पुढेच. एका मंगळवारी पहाटे फोन आला: एकांना वारलेल्या आईच्या नावानं कद्दीशची प्रार्थना म्हणायचीय, त्याला दहा पुरुष लागतात आणि नऊच जण जमलेत. एरवी शाळेसाठी हाका मारून घसा बसतो. हा तेफिलिनची (प्रार्थनेत हाताला-कपाळाला बांधायच्या चामडी पेट्यांची) पिशवी उचलून पळाला. आल्यावर म्हणाला, "मी गेल्यावरच सुरू केलं." दोनदा म्हणाला. अलिबागला दहा पुरुष जमवायला तुम्ही सायकलवर घरोघर फिरायचात, तुम्हाला मी काय सांगणार!

आई, आता तुझ्याशी. धाकटीला हिवाळ्यात बारावं वर्ष पूर्ण होतंय, म्हणजे तिची बात मिट्झवा. न्यूयॉर्कला 1922 साली ज्युडिथ कॅप्लान नावाच्या मुलीनं सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर तोरातला उतारा वाचला. आमच्याकडे मुलीच्या वाट्याला अजून केक आणि छोटंसं भाषण. दादाचा तो फोन हिनंही ऐकला होता. परवा विचारते, "बारा झाल्यावर मला कोण बोलावणार?" मी भांडी घासत राहिले. माझं बारावं कधी सरलं, तुला तरी आठवतंय का?

मलिदा तिला स्वतःच्या हातानं करायचाय. पोहे, खोबरं, साखर, वेलची, सगळ्याचं तुझं प्रमाण लिहून पाठव. दहा जणांचं नको, पन्नासांचं पाठव.

तुमची लेक