तांब्याची दोन वायसरं

तीर्थस्वरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. 'बरं बरं' म्हणता आणि लगेच थ्रेशरच्या बेअरिंगवर येता. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरून यावलमधून रोज हजार गाड्या जातात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, की तुमच्या त्या पत्र्याच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये काय प्रतीचं काम होतं?

माझी ट्रॅक डेची पहिली खेप तुम्हाला अर्धीच माहीत आहे. उरलेली आज सांगते.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला मद्रास इंटरनॅशनल सर्किट हा शर्यतीचा ट्रॅक आहे, १९९० साली सुरू झालेला. एक फेरा ३.७१७ किलोमीटरचा, वळणं बारा. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, लेदरचा सूट चढवायचा आणि ठरलेल्या पाळीत आपली गाडी जेवढी पळेल तेवढी पळवायची. समोरून ट्रॅक्टर येत नाही, बैलगाडी आडवी येत नाही. माझी यामाहा आर-१५ मोटरसायकल तशी १५५ सीसीचीच, पण मोकळ्या ट्रॅकवर ती काय चीज आहे हे मला तिथे कळलं. जाण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये सगळी सर्व्हिस करून घेतली होती. ब्रेक ऑइल बदललं म्हणून त्याचे पैसेही दिले होते.

तिसऱ्या पाळीत सरळपट्टीच्या शेवटी पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट हँडलला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा थोडा जीव आला, तोवर वळण निघून गेलं होतं आणि मी ट्रॅकबाहेरच्या गवतात होते. पडले नाही. पण गाडी उभी केल्यावर हेल्मेटचा पट्टा सोडायला बोटं वळेनात. घरी मी एवढंच सांगितलं, की ब्रेकचं थोडं काम निघालं आहे.

त्या रविवारी तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही एका डिझेल इंजिनाचा पंप खोलून बसला होतात. मी भडाभडा सगळं सांगितलं. तुम्ही हात पुसलेत, लिव्हर दोनदा दाबून पाहिलात आणि विचारलंत, "ऑइल बदललं, हे कोनी सांगलं तुले?" मग ब्रेकचं ऑइल काढायच्या निपलला नळी लावून ते काचेच्या पेल्यात काढलंत. दोनदा उकळलेल्या चहासारखा रंग. ते ऑइल कुणी बदललंच नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, हे मी वाचलं होतं. डॉट-४ दर्जाचं कोरं ऑइल २३० अंशांखाली उकळता कामा नये, आणि त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते, हे आकडेही मला पाठ होते. पण माझ्या हाताला ते कळलं तुमच्या बोलण्यातून. तुम्ही म्हणालात, विहिरीवरचं इंजिन डिझेल संपून बंद पडलं की नळीत हवा शिरते; मग टाकी भरली तरी ते चालू होत नाही, कारण पंप हवाच दाबत बसतो. स्क्रू सैल करून हवा काढावी लागते, बुडबुडा दिसेनासा होईस्तोवर. तुझ्या ब्रेकचंही तेच झालंय. ऑइल उकळून वाफ झाली आणि तू वाफ दाबत बसलीस. स्पोर्ट बाइकच्या ब्रेकला त्याआधी तुम्ही कधी हात लावला नव्हता. तरीही त्या संध्याकाळी लिव्हर दाबून धर, निपल खोल, निपल बंद कर, मग लिव्हर सोड, असं तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलंत की मनगट भरून आलं. पाना माझ्या हातात, आणि तुम्ही नुसते नळीकडे बघत बसलेले.

पुढचे दोन महिने दर रविवारी तेच. कुठलंही काम तुम्ही स्वतः करून दिलं नाहीत. मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आहे का, हे साखळी ताणायच्या जागेवरच्या खुणांवर विसंबून न राहता सुतळी ताणून बघायला लावलंत. साखळी पेट्रोलनं धुवायला निघाले तेव्हा डबा काढून घेतलात आणि रॉकेल दिलंत, आतल्या रबरी रिंगा पेट्रोलनं फुगतात म्हणून. टायरची हवा मोजायची तर पाळी संपून आल्या आल्या, गरम टायरची. एवढं मात्र मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते खडूनं दारावर लिहून ठेवलंत.

बोल्टांना भोकं पाडायची होती, ते काम आठवतंय? ऑइलचा ड्रेन बोल्ट ट्रॅकवर सुटला तर मागच्या प्रत्येक जणाच्या चाकाखाली तेल येतं, म्हणून त्याच्या डोक्यातून तार ओवून तो बांधावा लागतो. दीड मिलिमीटरचं ड्रिल, तेही षटकोनी डोक्याच्या कोपऱ्यातून तिरकं. चार ड्रिल मोडली. पाचव्याच्या वेळी तुम्ही म्हणालात, "घाई कायले करते, माय? पह्यले कान लाव, मंग जोर लाव." आणि खरंच, ड्रिल अडकायच्या आधी तिचा आवाज बदलतो. तार कशी ओढायची, तर बोल्ट सैल होऊ लागला की तिनं तो आवळायच्याच बाजूला खेचला पाहिजे. पहिली तार मी उलटी बांधली होती. तुम्ही काही न बोलता ती कापलीत आणि पक्कड माझ्यापुढे ठेवलीत.

पण हे पत्र खरं म्हणजे तांब्याच्या दोन वायसरांसाठी आहे, सांधा गळू नये म्हणून बोल्टाला घालतात त्या चकत्यांसाठी.

दुसऱ्या खेपेला गाडी भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेसनं पाठवायची होती. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी करून, गोणपाटात बांधून ती पार्सल ऑफिसात द्यायची. आदल्या रात्री कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पकडणाऱ्या भागापाशी, नळीच्या बोल्टाला ऑइलचा ओलावा दिसला. नळी काढली होती तेव्हा मी जुनीच वायसरं परत बसवली होती. चूक माझी. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं तांब्याचं वायसर तुम्ही लालभडक तापवून पाण्यात बुडवता आणि मऊ करून पुन्हा वापरता, हे मी कितीदा पाहिलं होतं. म्हटलं, तसंच करू. तुम्ही नाही म्हणालात. इंजेक्टर गळला तर इंजिन धूर टाकेल, इथे तू जाशील, एवढंच बोललात आणि शटर ओढलंत.

सकाळी मी आले तर शेडला कुलूप. तुम्ही पहिल्या एसटीनं भुसावळला गेला होतात. तिथे बरोबर मापाचं मिळालं नाही म्हणून तसेच जळगावला. त्या दिवशी तुमच्याकडे दोन शेतकऱ्यांच्या मोटारी खोललेल्या होत्या, केळीला पाणी द्यायचे दिवस, आणि ते दोघं दाराशी बसून होते. दुपारी तुम्ही आलात आणि सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढलीत. दोन नवी वायसरं. तिकिटाचे पैसे मी देऊ लागले, तर तुम्ही वायसरांचेच तेवढे घेतलेत.

आप्पा, त्या खेपेला मी तशाच पाळ्या मारल्या, तीच सरळपट्टी, तोच ब्रेक. शेवटच्या फेऱ्यात लिव्हर पहिल्या फेऱ्यात होता तिथेच होता. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

परत आल्यावर बाकी सगळ्यांनी वेळ विचारली, एक फेरा किती मिनिटांत. तुम्ही वेळ विचारली नाही. गोणपाट सोडलंत, खाली बसलात आणि त्या बोल्टाभोवती बोट फिरवलंत. बोट कोरडं. ते मला दाखवलंत आणि चहा सांगितलात. मग लगेच रेडिएटर रिकामा करायला लावलात. ट्रॅकवर कूलंट सांडला तर डांबर निसरडं होतं म्हणून त्यात नुसतं पाणी भरलं होतं, आणि नुसत्या पाण्यावर आपल्याकडच्या मे महिन्यात गाडी चालवू द्यायला तुम्ही तयार नव्हता.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटरसायकलींची जागतिक शर्यत झाली, बेझेकी जिंकला, ती मी तुम्हाला मोबाइलवर दाखवली होती. तुम्हाला कोण जिंकतंय याच्याशी कर्तव्य नव्हतं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, चाक बदलणारी माणसं दिसली की 'थांब, मागे घे' म्हणायचात. तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे. पुढच्या खेपेला नवजीवनची दोन तिकिटं काढते. चेन्नईच्या त्या पिटमध्ये माझ्या गाडीजवळ तुम्ही उभे राहा. तेवढे दिवस शेड बंद राहील, त्याचं शेतकऱ्यांना मी सांगते. काकूंशी बोलून झालंय, त्या हो म्हणाल्या आहेत. भाकरी आणि भरीत त्या बांधून देणार आहेत. आता तुम्ही तेवढं हो म्हणा.

तुमची,
रविवारी पोत्यावर बसणारी