दिनविशेषमध्ये साल पण बघा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं दिनविशेष मी चहाच्या आधी वाचतो, नात एमपीएससीचा अभ्यास करते म्हणून कात्रणं पण वहीत चिकटवतो. पण हे सदर सगळं तारखेवर चालतं ना, त्यामुळे ५ एप्रिलला जोसेफ लिस्टर या इंग्रज सर्जनची एक ओळ येते, ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची एक ओळ, आणि दोघं एकाच साली, १८२७ ला, सहा दिवसांच्या अंतराने जन्मले हे कुणाच्या लक्षातच येत नाही. माझ्याही नव्हतं आलं, दोन कात्रणं शेजारी शेजारी आली तेव्हा ट्यूब पेटली.

मग नादच लागला. मधल्या ७ एप्रिलला इंग्लंडात स्टॉकटन-ऑन-टीज गावात जॉन वॉकर नावाच्या केमिस्टने घासून पेटणाऱ्या काड्या विकल्या, त्याच्या वहीत विक्रीची पहिली नोंद त्याच दिवसाची आहे. काडी दुमडलेल्या सँडपेपरात धरून ओढायची की पेटली. पठ्ठ्याने पेटंट घेतलं नाही, मग काय, दुसऱ्यांनी कॉपी मारली. म्हणजे आपल्या काडेपेटीचा आजा आणि महात्मा फुले एकाच आठवड्यातले!

त्याच साली ५ मार्चला विजेची बॅटरी शोधणारा व्होल्टा गेला, आणि त्याच साली जॉर्ज ओहमचं पुस्तक बर्लिनला छापून आलं, ज्यातला विजेचा नियम आपण सगळ्यांनी दहावीत घोकलाय. त्याच्या देशात तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, बिचाऱ्याने कोलोनची मास्तरकी सोडली, लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली मेडल मिळायला १८४१ उजाडलं. बेथोव्हेन पण त्याच मार्चमधे गेला, पण संगीतातलं मला कळत नाही तेव्हा ते सोडतो.

माझं मन अडकलंय ते फुले आणि लिस्टरमधे. इकडे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा काढली, तिकडे लिस्टरने १८६५ ला ग्लासगोत एका अकरा वर्षांच्या पोराच्या पायावर, गाडीचं चाक जाऊन हाड मोडलेलं आणि वर जखम, जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. तेव्हा असा पाय सरळ कापायचे, नाहीतर जखम सडून माणूस जायचा, हा पोरगा मात्र पाय शाबूत घेऊन बरा झाला. आणि पुढचं बघा, फुल्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात पेशंटची सेवा करता करता सावित्रीबाई स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्चला, आणि त्याच १८९७ साली लिस्टरला इंग्लंडच्या सरकारने लॉर्ड केलं. जोतीराव हे बघायला नव्हते, ते १८९० लाच गेले. हे तुमच्या एका ओळीत कसं मावणार सांगा.

तारखेचं सदर बंद करा असं नाही म्हणत, नातीला ते लागतं. पण महिन्यातून एकदा, रविवारी म्हणा, एकच साल घेऊन पाऊण पान द्यायला काय हरकत आहे? १८०९ घ्या, डार्विन आणि लिंकन एकाच दिवशी जन्मले, १२ फेब्रुवारीला, आणि लुई ब्रेल त्याच वर्षीच्या जानेवारीतला. १८२७ ला तर २०२७ च्या एप्रिलमधे दोनशे वर्षं होतायत, फोटो आणि हारांच्या जाहिराती येतीलच, त्यातून जागा काढा. वहीत दोन पानं मी आत्ताच कोरी सोडलीत.

आपला,
एक जुना वाचक, सातारा